जे आणि जितके

१

वेलांटीचा दिवस ओल्या फडक्यानं सुरू व्हायचा. पार्कचं फाटक उघडायला अजून दोन तास असायचे, तेव्हा ती बादली, फडकं आणि वही घेऊन निघायची आणि एकूण एक पाटी पुसून वाचायची. पुसणं हे सफाईवाल्यांचं काम, तिचं काम वाचण्याचं. पण पुसल्याशिवाय वाचता येत नाही, असं तिचं म्हणणं. नखानं खरवडलेला काना, उन्हानं उडालेला अनुस्वार, सगळं ती वहीत टिपायची. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ दिसलं की हिच्या पोटात दुखतं हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिचं नाव वेलांटी. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं.

त्या पाट्या लिहिलेल्या होत्या पाटीकाकांनी. तीस वर्षं एकट्या माणसानं पार्कातलं अक्षर न् अक्षर लिहिलं. आणि काय लिहिलं! दुसऱ्या पार्कांत जाऊन बघा, पाट्या नुसत्या ओरडत असतात. थरार, जल्लोष, धमाल, आयुष्यात कधी न घेतलेला अनुभव. काकांच्या पाट्यांवर विशेषण औषधालाही सापडायचं नाही. मोठ्या पाळण्यापाशी लिहिलं होतं: ‘वर गेल्यावर आपलं घर शोधाल. सापडणार नाही. तरी बोट दाखवाल.’ आणि खाली उभं राहून बघावं तर प्रत्येक खोक्यातून एक तरी बोट बाहेर आलेलं असायचंच. उंच घसरगुंडीच्या जिन्याशी: ‘चढताना पुढच्याला घाई कराल. वर पोचल्यावर मागच्याला म्हणाल, तू हो पुढे.’ पाण्याच्या राइडवर: ‘शेजारचा तुमच्यापेक्षा जास्त भिजेल.’ आता ही पाटी दोन्ही शेजारी वाचणार, मग ती दोघांच्या बाबतीत खरी कशी ठरेल? पण ठरायची. बाहेर येऊन दोघंही एकमेकांकडे बघून हसत सुटायचे आणि दोघंही शपथेवर सांगायचे की हाच जास्त भिजलाय.

वेलांटी हे सगळं रोज वाचायची आणि रोज मनातल्या मनात काकांना हात जोडायची. आपल्याला जन्मात असं एक वाक्य जमलं तरी भरून पावलो, असं तिला वाटायचं. तिनं हे एकदा काकांना बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, त्यात काही कसब नाही. आधी स्वतः बसायचं, दहादा बसायचं, मग जे होतं तेवढंच लिहायचं.

“आणि एक ध्यानात ठेव,” ते म्हणाले, “भविष्यकाळात लिहिणं म्हणजे शब्द देणं. ‘हसाल’ असं लिहिलं की माणूस हसलाच पाहिजे.”

२

खोटं कशाला बोला, तिनं एकदा काकांची परीक्षा घेऊन पाहिली होती. साखळ्यांच्या पाळण्यावर पाटी होती, ‘तिसऱ्या फेरीला डोळे मिटाल.’ वेलांटी मुद्दाम बसली. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. तिसरीला तिनं डोळे असे ताणून धरले की कपाळ दुखायला लागलं. आणि नेमकं तेव्हाच कुठूनसं एक चिलट आलं आणि थेट डोळ्यात गेलं.

योगायोग. तिनं स्वतःला तसंच समजावलं. उघड्या हवेत चिलटं असायचीच. खाली उतरून डोळा चोळताना मात्र तिला मनापासून हसू आलं, आणि काकांबद्दलचा आदर आणखी एक पायरी वर चढला.

मग काका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपला खण तिच्या हवाली केला. त्यात ब्रश होते, पांढऱ्या रंगाचा डबा होता आणि प्रत्येक पाटीचं वाक्य लिहिलेली कार्डं होती. जाता जाता दारात थांबून म्हणाले, माझ्या वेलांट्या हव्या तेवढ्या सुधार, तो तुझा हक्कच आहे. स्वल्पविराम हलव, ओळी तोड, काही हरकत नाही.

“फक्त सर्वनामांना हात लावू नकोस,” ते म्हणाले.

का, असं तिनं विचारलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हाताऱ्याची खोड समज, म्हणाले, आणि गेले.

३

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना अनुभवाचा आजार होता. त्यांच्या मते पाळण्यात आता कुणी बसत नाही, अनुभव घेतो. नावेतून कुणी फिरत नाही, प्रवासानुभव घेतो. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं की या पाट्या इतक्या कोरड्या का. लोकांना अंगावर काटा हवा असतो, काळजाचा ठोका चुकायला हवा असतो. तुमची पाटी तर सरकारी सूचना वाटते.

वेलांटी काकांच्या एकेका वाक्यासाठी भांडली. पाळण्याची पाटी वाचवली, घसरगुंडीची वाचवली. मुतारीच्या दारावर ‘ताजेतवाना अनुभव’ लावायचं घाटत होतं, तेही तिनं हाणून पाडलं. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण साहेबांनी बोगद्याची पाटी धरली ती धरलीच.

बोगदा म्हणजे पार्कातली सगळ्यात जुनी राइड. पाण्यावरून अकरा नावा एकामागोमाग एक आत शिरायच्या. प्रत्येकीत चार माणसं. सात मिनिटं काळोखातून वळणं घेत फिरायच्या आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर यायच्या. आत भुतं नाहीत, सापळे नाहीत, किंचाळ्या नाहीत. नुसता अंधार आणि पाण्याचा आवाज. आणि तोंडावर काकांची पाटी: ‘जे आत जातील, तेच बाहेर येतील.’

साहेब म्हणाले, याला काय अर्थ आहे? जे जातात तेच येणार, दुसरे कोण येणार? हे सांगायला पाटी कशाला?

त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. वेलांटीलाही ते वाक्य कधी फारसं कळलं नव्हतं. तिनं मधला मार्ग काढला. दोन दिवस ओठातल्या ओठात पुटपुटत राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिला सुचलं: ‘जितके आत जातील, तितकेच बाहेर येतील.’

जीभ कशी छान घोळते बघा. शिवाय त्यात मिश्कील भीती होती, मोजून घ्या बरं का, अशी. साहेबांनी टेबलावर थाप मारली. पाटी रंगली, लागली. लोक वाचून हसायला लागले, एकमेकांना मोजत नावेत बसायला लागले, पाटीखाली उभं राहून फोटो काढायला लागले. वेलांटी दिवसातून चारदा काही ना काही निमित्त काढून तिथून जायची. आयुष्यात पहिल्यांदा तिचं स्वतःचं वाक्य लोक वाचत होते, आणि त्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

आपण सर्वनामाला हात लावलाय हे तिच्या लक्षात आलं होतं. पण ‘जे’ काय आणि ‘जितके’ काय, असं म्हणून तिनं ते झटकून टाकलं.

४

घरात दोघीच, ती आणि आई. आई छत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून घरी बसलेली. शाळेत तिला सगळे लाल पेन म्हणायचे. अजूनही तिच्या हाताशी एक लाल पेन असायचंच. लग्नाची पत्रिका येवो, विजेचं बिल येवो की औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, चूक दिसली की आई तोंडानं काही बोलायची नाही. पेनाचं टोक टेबलावर दोनदा आपटायची. टक, टक. वेलांटीचं अख्खं बालपण त्या आवाजात गेलं. पाटीवर गणित लिहिताना मागून टक टक व्हायचं आणि आपलं काय चुकलं ते स्वतः शोधावं लागायचं.

सर्वनामं तिला आईनंच शिकवली होती, ओट्याशी उभ्या उभ्या. “आपण म्हणजे तू धरून. आम्ही म्हणजे तू सोडून.” एवढ्या दोन वाक्यांत. पाच वर्षांच्या पोरीला ते असं पक्कं बसलं की शेजारी कुणी म्हणालं, आम्ही फिरायला चाललोय, की हिला कळायचं, आपल्याला नेणार नाहीत.

बाकी आईनं सगळं शिकवलं, पण छान म्हणून कधी म्हणाली नाही. पहिला नंबर आला तेव्हा निबंधातली राहिलेली चूक दाखवली. नोकरी लागली तेव्हा नेमणूकपत्रातल्या तीन चुकांवर लाल रेघ मारली. वेलांटी चाळिशीला आली तरी त्या ‘छान’ची वाट बघणं तिचं सुटलं नव्हतं. म्हणून तर तिनं त्या रविवारी आईला हट्टानं पार्कात आणलं. दुसरं काही दाखवायचं नव्हतं, एक पाटी दाखवायची होती.

आई बोगद्यासमोर उभी राहिली. चष्मा नाकावर सारून तिनं वाचलं. वेलांटी श्वास धरून उभी. पेन आपटायला टेबल नव्हतं, ही एक जमेची बाजू.

“शुद्ध आहे,” आई म्हणाली. मग म्हणाली, “आधीचं काय होतं?”

वेलांटीनं सांगितलं.

“ते जास्त चांगलं होतं,” आई म्हणाली. “त्यात माणसं होती. तुझ्यात नुसता आकडा आहे.”

वेलांटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईनं ते पाहिलं असावं, कारण ती घाईघाईनं म्हणाली की आलेच आहे तर तुझ्या त्या नावेत बसून तरी बघते. काळोख तिला अजिबात आवडत नसे. तरी ती गेली, नाववाल्याचा हात धरून, पर्स छातीशी धरून, आणखी तीन अनोळखी माणसांबरोबर. वळणाशी तिचं डोकं काळोखात गेलं तेव्हा नावेच्या कडेवर पेन आपटल्याचा आवाज आला. टक, टक. आत काय चुकलेलं सापडलं कुणास ठाऊक, वेलांटीला हसू फुटलं.

५

सात मिनिटांनी नाव बाहेर आली. चार गेले होते, चार आले.

आई उतरली ती कुणाचाही हात न धरता. चेहरा प्रसन्न. लेकीजवळ आली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “किती छान लिहिलंयस गं.”

आता सांगा, चाळीस वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला तो असा अचानक ओंजळीत पडल्यावर माणूस काय करेल? वेलांटी भर गर्दीत आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. घरी जाताना रस्ताभर आई तिचा हात धरून होती. तिनं पाटीचं वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. दर वेळी म्हणाली, छान आहे.

पुढचे चार-पाच दिवस वेलांटी हवेत होती. आई सकाळी उठून तिच्यासाठी चहा करून ठेवायची. कामाचं विचारायची. ऐकताना मान डोलावायची. भाजीत मीठ जास्त झालं तरी छान, उशीर झाला तरी छान. घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू यायला लागला.

आणि त्याच शांततेत वेलांटीच्या लक्षात आलं की टक टक होत नाहीये.

६

वाण्याला द्यायची यादी आईनं लिहून ठेवली होती. वेलांटीनं सहज उचलली. ‘पिठ, साखर, दुध.’

ती खुर्चीवर बसली. पीठ ऱ्हस्व, दूधही ऱ्हस्व. अक्षर आईचंच. आईचाच लपेटदार ख, आईचाच तिरका उकार. याच बाईनं ‘दुध’ लिहिल्याबद्दल एकदा तिला ते पन्नास वेळा लिहायला लावलं होतं. यादी तिनं दिव्याखाली धरून पाहिली. मग वय झालं असेल, डोळे आले असतील, घाई असेल, अशी कारणं एकामागून एक लावून पाहिली. एकही बसेना.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हसरी. “आता आम्ही जेवायचं का?” तिनं विचारलं.

वेलांटीनं वळून पाहिलं. आईच्या मागे कुणी नव्हतं.

“आपण,” ती म्हणाली. “आपण जेवायचं, आई.”

“हो,” आई म्हणाली, “आम्ही जेवायचं.”

दुसऱ्याच दिवशी ती आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मेंदूत काही झालं असेल, एखादी बारीक गुठळी, तसं ऐकलेलं असतं ना आपण. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला सांगितले, फोटो काढले. सगळं ठणठणीत. या वयात इतकी शांत आणि समाधानी बाई मी पाहिली नाही, असं डॉक्टर कौतुकानं म्हणाले. आई म्हणाली, आम्हाला इथे छान वाटलं.

घरी येताना आईनं हात धरला. हात मऊ होता, उबदार होता. बोटाला लाल शाईचा डाग नव्हता. तो डाग छत्तीस वर्षांत कधी निघाला नव्हता, साबणानं नाही, लिंबानं नाही. वेलांटीनं हात सोडवून घेतला आणि पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक केलं.

७

सोमवारी पार्क बंद असतो. पंप थांबलेले, पाणी स्थिर, पाळण्यांची खोकी जिथल्या तिथे. वेलांटी नेहमीसारखी बादली घेऊन आली, पण तिचे पाय आपोआप बोगद्याकडे वळले. तिथे नाववाला नावांना तेल देत बसला होता. गेली वीस वर्षं आत जाणारी आणि बाहेर येणारी डोकी मोजणं हे त्याचं काम.

तिनं आडून आडून विचारलं, हल्ली काही वेगळं वाटतं का. नाववाल्यानं एक नाव संपवून दुसरीला तेल द्यायला घेतलं. मग म्हणाला, आकडा जुळतो. रोज जुळतो, त्याबद्दल कुणी बोट दाखवू शकणार नाही. पण माणसं बाहेर येताना फार शहाणी होऊन येतात. पूर्वी बाहेर आल्याआल्या पोरं भांडायची, नवरे बायकांवर डाफरायचे, कुणी म्हणायचं अंधारात काय ठेवलंय, पैसे वाया गेले. आता सगळे एकसारखे हसतात. तक्रारवही पाटी बदलल्या दिवसापासून कोरी आहे, साहेब तर जाम खूश आहेत.

“आणि बाई,” तो खाली बघत म्हणाला, “एकटा आलेला माणूससुद्धा म्हणतो, आम्हाला आवडलं.”

वेलांटी बोगद्याच्या तोंडाशी गेली. कसला तरी ओलसर गारवा तोंडावर आला. आत काहीच दिसत नव्हतं. तिनं सवयीनं फडकं पिळलं आणि पाटी पुसायला घेतली, सवयीनंच वाक्य मोठ्यानं वाचलं. जितके आत जातील, तितकेच बाहेर येतील.

आतून, खूप आतून, आवाज आला. टक, टक.

पाण्याचा थेंब असेल. पंप थंड होताना लोखंड वाजतं. तिनं नाववाल्याकडे पाहिलं. तो मान वर न करता तेल देत होता. तिनं पुन्हा वाक्य वाचलं, या वेळी हळू, आणि थांबली.

टक, टक.

बादली तिथंच टाकून ती निघाली ती थेट पाटीकाकांच्या घरी.

८

काका बाल्कनीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. तिला पाहून उठले, पाणी दिलं. तिनं काही प्रस्तावना केली नाही, आईचं सगळं सांगून टाकलं. काकांनीही कसं काय विचारलं नाही, फक्त पाटीवर आता काय लिहिलंय ते अक्षरशः सांग म्हणाले. तिनं सांगितलं.

वर्तमानपत्राची घडी घालायला काकांना फार वेळ लागला.

“‘ते’ काढलंस,” ते म्हणाले.

ते रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. ती रडत रडत विचारत राहिली, त्या बोगद्यात आहे काय, तुम्हाला काय माहीत होतं, आधी का नाही सांगितलं. काका म्हणाले, मला काहीही माहीत नाही. मी दहादा त्या नावेत बसलो. दहाव्यांदा बाहेर आलो तेव्हा माझ्या मनात एकच इच्छा होती, की मीच बाहेर आलेलो असू दे. म्हणून तसं लिहिलं. तीस वर्षं ते टिकलं. याच्यापलीकडे विचारू नकोस.

मग जुनी पाटी परत लावते, आजच लावते, आणि आईला पुन्हा आत बसवते, असं ती म्हणाली. काकांनी मान हलवली.

“नीट वाच,” ते म्हणाले. “जे आत जातील, तेच बाहेर येतील. तू घरातलीला आत पाठवशील, तीच बाहेर येईल. जी आत आहे तिच्याबद्दल त्या वाक्यात काही नाही.”

वेलांटीनं डोळे पुसले. तेवढ्या दुःखातही तिच्या मनात आलं, काय हा माणूस. केवढी नजर.

तिनं विचारलं, मग तुम्हीच द्या एखादं वाक्य. काका म्हणाले, मी नोकरीत नाही, माझा शब्द आता तिथे चालणार नाही. आणि मग फार मायेनं म्हणाले, तुझं ‘जितके-तितके’ वाक्य म्हणून सुंदर होतं गं. म्हणूनच ते इतकं चाललं.

९

मंगळवारी सकाळी आईनं चहा पुढे ठेवला. साखर बरोबर, दूध बरोबर. खिडकीतून ऊन आलं होतं. ती समोर बसून हसत होती आणि वेलांटीच्या केसांतून हात फिरवत होती.

खरं सांगायचं तर वेलांटी डगमगली. काय वाईट आहे यात, असं तिच्या मनात येऊन गेलं. या बाईनं दहा दिवसांत जेवढं कौतुक केलं तेवढं त्या बाईनं जन्मात केलं नव्हतं. हिला काही कळत नाही, हिचा कुणाला त्रास नाही. राहू दे की.

तिनं पेन घेतलं, यादीच्या मागे एक वाक्य लिहिलं आणि पुढे सरकवलं. “बघ, बरोबर आहे का?”

“छान आहे,” आई म्हणाली.

तिनं दुसरं लिहिलं, मुद्दाम चुकीचं, क्रियापद नसलेलं. तेही छान होतं. तिसऱ्या वेळी तिनं नुसत्या रेघोट्या मारल्या. आईनं त्या कौतुकानं पाहिल्या आणि म्हणाली, किती छान लिहिलंयस गं.

वेलांटीनं पेन खाली ठेवलं. तिला तिची आई हवी होती, ती खाष्ट, शुद्ध, खडूस बाई. जिनं एकदा जरी छान म्हटलं असतं तरी ते खरं असतं. आणि ती तिकडे गार काळोखात बसून लेकीची चूक दुरुस्त व्हायची वाट बघत होती.

तिनं कपाटातून काकांचे ब्रश काढले. “आम्हीपण येतो,” मागून आवाज आला. तिला नाही म्हणता आलं नाही.

१०

फाटक उघडायला दीड तास होता, तरी बाहेर बरीच माणसं उभी होती. रांग नव्हती, ढकलाढकली नव्हती. शांत उभी होती, हसऱ्या चेहऱ्यांनी. लवकर आलेत बिचारे, असं स्वतःला सांगत वेलांटी बाजूच्या दारातून आत गेली.

आई बोगद्यासमोरच्या बाकावर बसली. नाववाल्याला वेलांटीनं एवढंच सांगितलं की पाटी रंगवून झाली की पंप सुरू कर आणि सगळ्या नावा रिकाम्या सोड. त्यानं कारण विचारलं नाही. त्याची बायको मागच्या रविवारी त्या नावेत बसली होती, ते त्यानं आता सांगितलं.

आपल्या ‘जितके’वर तिनं पांढरा हात मारला आणि तो वाळेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग ब्रश काळ्या रंगात बुडवला. एकच वाक्य, भविष्यकाळात. म्हणजे शब्द द्यायचा. ‘जे आत राहीले, ते बाहेर येतील’

ब्रश खाली घेतला आणि आतून लगेच आलं. टक, टक.

काय चुकलं? जे बरोबर, ते बरोबर. आत, बाहेर. तिनं अक्षर न् अक्षर बोटानं वाचत नेलं, पाच वर्षांची असताना वाचायची तसं. राहीले. हिला, वेलांटीला, वेलांटी चुकली होती. तिनं फडक्यानं दीर्घ पुसली, ऱ्हस्व काढली. राहिले. वेलांटी सुरेख आली. आत शांतता झाली. नाववाल्यानं पंप सुरू केला.

अकरा रिकाम्या नावा एकामागून एक काळोखात गेल्या. सात मिनिटं म्हणजे किती असतात ते तिला त्या दिवशी कळलं. पाण्याचा आवाज आधी पोकळ होता, मग जड झाला. मग दुसऱ्या तोंडाशी पहिल्या नावेचं टोक दिसलं. नाव पाण्यात खोल बसली होती. अंधारातून आधी नावेच्या कडेवर टेकलेला एक हात उजेडात आला. त्यात पेन होतं, आणि बोटाला लाल डाग होता.

“पूर्णविराम राहिला,” आतून चिडका, दमलेला, ओळखीचा आवाज आला.

वेलांटीच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. तिनं पाटीकडे पाहिलं. खरंच, वाक्याच्या शेवटी काहीच नव्हतं. नाववाला सवयीनं नावा मोजत होता. दहा, अकरा, तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली गेला. बारा, तो म्हणाला. तेरा.

ती पाण्याकडे धावणार, तोच मागून कुणीतरी तिचा हात धरला. मऊ, उबदार हात. बाकावरची आई उठून तिच्यामागे येऊन उभी होती, तशीच प्रसन्न. तिच्यामागे, कुंपणाच्या पलीकडे, फाटकावरची ती सगळी माणसं गजांना हात लावून आत बघत होती.

“मग आता आम्ही कुठे जायचं?” तिनं विचारलं.

या वेळी सर्वनाम बरोबर होतं.